गेन, फेडर, पॅन, सोलो : मिक्सरची भाषा मराठीत कशी लिहावी?

एका वाचकाला भजनी मंडळातल्या मुलांसाठी मराठीतून पुस्तिका लिहायची आहे. घरच्या संगणकावर भजन ध्वनिमुद्रित करायचं आणि सॉफ्टवेअरमधल्या मिक्सरवर नीट जुळवायचं, एवढाच तिचा विषय. मिक्सर म्हणजे वेगवेगळे आवाज एकत्र जुळवायची जागा, आणि चॅनल म्हणजे त्यातली एकेका माइकची किंवा वाद्याची वाट. मिक्सरच्या प्रत्येक चॅनलवर गेन, फेडर, पॅन, म्यूट, सोलो, सेंड अशी नियंत्रणं असतात. त्यांना मराठी प्रतिशब्द कोणते घ्यावेत, आणि गेन व फेडर या दोन्हींना ‘आवाज’ म्हटलं तर चालेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : नाही चालणार. ‘त्याचा आवाज चांगला आहे’, ‘आवाज करू नका’ आणि ‘आवाज वाढव’ ही तीन वाक्यं पाहा. पहिल्यात गळा आहे, दुसऱ्यात गोंगाट आणि तिसऱ्यात मोठेपणा. बोलताना संदर्भावरून आपण अर्थ लावतो. मिक्सरसमोर मात्र हे तिन्ही अर्थ एकाच वेळी हजर असतात. ‘गायकाच्या चॅनलवरचा आवाज कमी करा’ असं लिहिलं, तर मुलानं फेडर खाली घ्यायचा, गेन कमी करायचा की मागची पंख्याची घरघर काढायची?

शिवाय गेन आणि फेडर ही एकाच कामाची दोन नावं नाहीत. गेन वाटेच्या सुरुवातीला असतो आणि फेडर शेवटाकडे. माइकमधून आलेला अशक्त संकेत (सिग्नल) किती उचलून आत घ्यायचा, ते गेन ठरवतो. आत आलेल्यातलं किती पुढे मिश्रणात सोडायचं, ते फेडर ठरवतो. ध्वनिमुद्रण करताना गेन जास्त झाला आणि पखवाजाच्या थापेला संकेत वरच्या मर्यादेवर आपटून तुटला, तर नंतर फेडर कितीही खाली घेतला तरी तो तुटलेलाच राहतो, फक्त हळू ऐकू येतो. त्यामुळे पुस्तिकेत हा फरक शब्दातच दिसला पाहिजे. अर्थ सांगताना मी गेनला ‘आत येणारी पातळी’ आणि फेडरला ‘बाहेर जाणारी पातळी’ असं लिहीन. ‘पातळी’ हा शब्द मुलांना विज्ञानाच्या पुस्तकातून माहीत असतो. डेसिबल हे ध्वनीच्या पातळीचं एकक, हे ती शाळेतच शिकलेली असतात.

फेडरच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे, आणि तो मराठी लिहिणाऱ्याला हमखास अडकवतो. आपल्या भाषेत ‘शून्यावर आणा’ म्हणजे संपवा. सॉफ्टवेअरच्या फेडरवर शून्य डेसिबल म्हणजे ‘जसं आत आलं तसंच बाहेर सोडा, काही कमीजास्त करू नका’. शांतता त्या पट्टीच्या अगदी तळाला असते, आणि तिथे उणे अनंताची खूण असते. ‘सगळे फेडर शून्यावर आणा’ हे वाक्य वाचून निम्मी मुलं फेडर तळाला नेतील, आणि भाषेच्या हिशेबानं त्यांचं काहीच चुकलेलं नसेल. म्हणून ‘शून्याच्या खुणेवर ठेवा’ आणि ‘तळाला न्या’ अशी दोन वेगळी वाक्यं ठरवून घ्या आणि पुस्तकभर तीच वापरा.

‘दुप्पट’ या शब्दालाही जपा. ६ डेसिबल वाढवले की संकेताचा आयाम (लहरीची उंची) साधारण दुप्पट होतो. पण कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. ‘आवाज दुप्पट करा’ याला मिक्सरवर नेमका अर्थच नाही. डेसिबलचा आकडा लिहा.

आता प्रतिशब्दांचा मुख्य प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे. पडद्यावर जे नाव लिहिलेलं आहे ते तसंच ठेवावं, आणि त्या नावानं काय करायचं ते अस्सल मराठी क्रियापदानं सांगावं. मुलाला शेवटी पडद्यावर बटण शोधायचं आहे. तिथे ‘पॅन’ लिहिलेलं असताना पुस्तिकेत ‘दिक्‌नियंत्रक’ छापलं, तर त्याला दोन भाषा शिकाव्या लागतात, आणि त्यातली एक कुणीच बोलत नाही. संस्कृतातून घडवलेले शब्द रुजत नाहीत असं मुळीच नाही. ध्वनिमुद्रण, ध्वनिमुद्रिका, मूकपट, बोलपट हे सगळे घडवलेलेच शब्द, आणि छान रुजले. पण त्यांनी वस्तूला आणि कलेला नाव दिलं. बटणावर दुसरंच नाव कोरलेलं असताना त्या बटणाचं भाषांतर करायला ते गेले नव्हते.

क्रियापदांच्या बाबतीत मात्र मराठी श्रीमंत आहे, आणि स्टुडिओत ती रोज ऐकू येते. गायक ‘पुढे आणतात’, पेटी ‘मागे घेतात’, टाळ ‘दाबतात’, बासरीला ‘उठाव देतात’. फेडर ‘चढवतात’, ‘उतरवतात’. तबला गाण्यात ‘बसला’ असं म्हणतात, आणि या एका शब्दात पातळी, जागा आणि नाद तिन्ही जमल्याची पावती असते. पुस्तिका या शब्दांवर उभी करा.

नावांचं भाषांतर करू नये याचं दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सहज सुचणारे मराठी प्रतिशब्द आपल्या संगीतात आधीच कामाला लागलेले आहेत. एका चॅनलची सगळी नियंत्रणं ज्या उभ्या रांगेत असतात त्या चॅनल स्ट्रिपला ‘पट्टी’ म्हणावंसं वाटतं, कारण ती पट्टीसारखीच दिसते. पण ‘कुठल्या पट्टीत गाणार?’ या प्रश्नाचं उत्तर ‘काळी दोन’ किंवा ‘पांढरी चार’ असं येतं. भजनाच्या मुलांसाठीच्या पुस्तकात ‘गायकाची पट्टी वर घ्या’ छापलं, तर बिचारा गायक वरच्या सुरात जाईल. फेडरची पट्टी म्हटलं तर एक वेळ चालेल, चॅनलची पट्टी नको. तसंच डाव्या-उजव्याच्या मध्याला ‘सम’ म्हणू नका, कारण समेवर ताल येतो. तिथे ‘मधोमध’ हा साधा शब्द पुरेसा आहे आणि नेमकाही आहे.

सोलोचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. आपल्याकडे ‘एकल वादन’ हा शब्द आहे, तबल्याच्या बाबतीत ‘स्वतंत्र तबलावादन’ही म्हणतात. पण स्वतंत्र तबलावादनात पेटीवर किंवा सारंगीवर लेहरा, म्हणजे तालाचं आवर्तन दाखवणारी पुन्हा पुन्हा वाजणारी सुरावट, चालूच असतो. तो नसेल तर तबलजी कशाला धरून वाजवणार? म्हणजे एकल वादनात प्रमुख एक असतो, तरी सोबत असते. मिक्सरवरचं सोलो सोबत ठेवतच नाही. त्या चॅनलखेरीज बाकी सगळ्यांना ते गप्प करतं. शिवाय एका वेळी दोन-तीन चॅनलचं सोलो दाबता येतं, आणि मग ते तिन्ही ऐकू येतात. तिघांना ‘एकल’ म्हणायचं कसं? मराठीत यासाठी एक सुंदर शब्द आधीच आहे : नुसता. ‘नुसता पखवाज ऐका’, ‘नुसते टाळ आणि पखवाज ऐका’. बटणाचं नाव सोलो, आणि त्याचं काम सांगायला ‘नुसतं ऐकणं’. हे लहान मुलालाही समजावून सांगावं लागणार नाही.

म्यूटसाठी ‘मुकं करा’ लिहू नये. ‘मूक’ या शब्दाला मराठीत एक गांभीर्य आहे, आणि ‘मुका’ला दुसराच अर्थ आहे. ‘बंद करा’ हेही अपुरं पडतं, कारण चॅनल म्यूट असला तरी तो बंद नसतो. सॉफ्टवेअरमध्ये गाणं पुढे चालूच असतं, फेडर जिथे होता तिथेच राहतो, आणि म्यूट काढलं की सगळं होतं तसं परत मिळतं. टीव्हीचा रिमोट आणि मोबाइलवरच्या बैठका यांनी म्यूट हा शब्द घराघरात पोचवला आहे. ‘म्यूट करा, म्यूट काढा’ एवढं पुरे.

पॅन हा शब्द ‘पॅनोरमा’तून आला. त्याच्या मुळाशी ग्रीकमधले ‘सर्व’ आणि ‘दृश्य’ या अर्थांचे शब्द आहेत, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस भोवताल वेढणाऱ्या प्रचंड चित्रांसाठी तो घडवला गेला. कॅमेरा पॅन करणं हेही त्याच मुळातलं. आवाजाच्या बाबतीत हे नाव १९४० च्या ‘फँटेशिया’पासून ठळक दिसतं. त्या चित्रपटासाठी डिस्नेच्या तंत्रज्ञांनी आवाज पडद्याच्या एका बाजूकडून दुसरीकडे सरकवणारं नियंत्रण बनवलं, त्याला पॅनपॉट म्हणत. म्हणून पॅनसाठी ‘सरकवणे’ हे क्रियापद मला अगदी योग्य वाटतं : ‘टाळ थोडे उजवीकडे सरकवा’. ‘डावं-उजवं करा’ मात्र लिहू नका, मराठीत त्याचा अर्थ भेदभाव करणं असा होतो.

उजवीकडे म्हणजे कुणाच्या उजवीकडे, तेही पहिल्याच पानावर सांगून टाका. प्रेक्षकांकडे तोंड करून बसलेल्या वादकाच्या उजव्या हाताखालचा तबला श्रोत्यांना डावीकडे दिसतो, आणि डग्गा उजवीकडे. मिक्सरची डावी-उजवी बाजू ऐकणाऱ्याची असते.

स्टिरिओ चॅनलवर मात्र तसंच दिसणारं गोल बटण बऱ्याचदा पॅन नसून बॅलन्स असतं. पेटी दोन माइकनी घेतली असेल आणि तुम्ही ते बटण पूर्ण डावीकडे फिरवलंत, तर उजव्या माइकमधली पेटी डावीकडे येत नाही. ती नाहीशी होते. तिथे ‘सरकवा’ हे क्रियापद खोटं ठरतं. ‘उजवी बाजू कमी करा’ असं सरळ लिहावं. आणि पॅन पूर्ण बाजूला नेल्यावर पातळी किंचित बदलल्यासारखी वाटली, तर मुलांना सांगा की तो कानाचा भ्रम नसेल. एकच संकेत दोन्ही स्पीकरमधून आला की भारदस्त वाटतो, म्हणून बरीच सॉफ्टवेअरं मधोमध ३, ४.५ किंवा ६ डेसिबल कापतात.

सेंड म्हणजे चॅनलमधून दुसरीकडे पाठवलेली संकेताची प्रत. सेंड आणि बस समजावताना ‘पूर्व-फेडर’, ‘पश्च-फेडर’ असले जोडशब्द करू नका. कालव्याच्या शेतकऱ्याला हे एका वाक्यात कळेल : कालव्याला दार आहे, आणि चारी (छोटा पाट) दाराच्या वर फोडली की खाली, यावर सगळं अवलंबून. वर फोडली असेल तर दार बंद केलं तरी चारीला पाणी जातं, खाली फोडली असेल तर दाराबरोबर चारीही आटते. फेडर हे ते दार. गायकाच्या कानातल्या हेडफोनला जाणारा सेंड फेडरच्या आधी घ्यायचा, म्हणजे तुम्ही मिश्रणात फेडर कितीही हलवला तरी त्याला ऐकू येणारं बदलत नाही. रिव्हर्बला (आवाज घुमवणाऱ्या इफेक्टला) जाणारा सेंड फेडरच्या नंतर घ्यायचा, नाही तर फेडर तळाला नेल्यावरही गायकाची नुसती घुमणारी सावली मागे राहते. ‘फेडरच्या आधी’ आणि ‘फेडरच्या नंतर’, इतकं सोपं मराठी हाताशी आहे.

बस म्हणजे अनेकांचं पाणी एकत्र नेणारी वाट. हा शब्द लॅटिन ‘ऑम्निबस’चा, म्हणजे ‘सर्वांसाठी’चा तुकडा आहे, आणि आपली एसटीची बसही तिथूनच आली. त्यामुळे अर्थ सांगताना ‘सामायिक मार्ग’ म्हणा. सामायिक विहीर आणि सामायिक बांध आपल्याला ठाऊक आहेतच. एकदा अर्थ सांगितला की पुढे बसच लिहा.

राहिला ‘चॅनल’. हा शब्द सॉफ्टवेअर बदललं की अर्थ बदलतो, आणि पुस्तिका लिहिणाऱ्यानं इथे सर्वांत जास्त सावध राहावं. बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीच्या एफएल स्टुडिओत चॅनल म्हणजे चॅनल रॅकमधलं एकेक वाद्य. मिक्सरमध्ये दिसतात ते ट्रॅक, त्यांना ‘इन्सर्ट’ असं नाव आणि क्रमांक असतो. दोन-तीन चॅनल एकाच मिक्सर ट्रॅकवर पाठवता येतात. रीपर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक हाच सर्व काही, आणि चॅनल म्हणजे त्या ट्रॅकच्या आत वाहणारे समांतर धागे. लॉजिक या आणखी एका सॉफ्टवेअरमध्ये वर दिसतो तो ट्रॅक आणि मिक्सरमध्ये दिसते ती चॅनल स्ट्रिप. ‘इन्सर्ट’चंही तसंच आहे. इतर ठिकाणी इन्सर्ट म्हणजे चॅनलच्या वाटेत ईक्यू (जाड-बारीक नाद कमीजास्त करणारा) किंवा कॉम्प्रेसर (पातळीतले चढउतार दाबणारा) घालायची जागा. म्हणून कुठलं सॉफ्टवेअर शिकवता आहात ते ठरवा, त्याच्या पडद्यावरचा शब्द घ्या, आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमधला त्याच नावाचा शब्द मध्ये मिसळू नका.

पुस्तिकेतला परिच्छेद मग साधारण असा वाचला जाईल : ‘पखवाजावर सर्वांत जोरकस थाप मारायला सांगा आणि मीटर उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही असा गेन लावा. ध्वनिमुद्रण झालं की सगळे फेडर तळाला न्या. आधी गायकाचा फेडर शून्याच्या खुणेच्या थोडा खाली ठेवा. मग पखवाज हळूहळू चढवा, बोल स्पष्ट ऐकू आले की थांबा. गायक आणि पखवाज मधोमध राहू द्या. टाळ थोडे उजवीकडे आणि पेटी थोडी डावीकडे सरकवा. शंका आली तर त्या चॅनलचं सोलो दाबून नुसतं ते वाद्य ऐका, पण पातळी ठरवताना सोलो काढा, कारण वाद्य इतरांमध्ये कसं बसतं ते नुसतं ऐकून कळत नाही.’

लिंगाचाही प्रश्न येईल, तेव्हा तोही उरकून टाकतो. तो फेडर, तो गेन, तो माइक, तो ट्रॅक, तो सेंड. बस मात्र ती, गाडीच्या सवयीनं. चॅनल काही लोक ‘तो’ म्हणतात, काही ‘ते’. टीव्हीच्या वाहिनीला ‘ते चॅनल’ म्हणण्याची सवय असली, तरी मिक्सरवर मला ‘तो चॅनल’ जास्त ऐकू येतो आणि मी तेच लिहितो. अनेकवचनाला इंग्रजी ‘स’ लावू नका : सगळे फेडर, सगळे ट्रॅक, सगळ्या बस.