अनरेटेड खेळाडूने पहिली बुद्धिबळ रेटिंग स्पर्धा १६०० खालील गटात खेळावी की ओपनमध्ये?

प्रश्न: वय ३४, गोरेगावला राहतो, ऑनलाइन रेटिंग १५०० च्या आसपास. मुंबईत पहिल्यांदाच फिडे रेटिंग स्पर्धा खेळायची आहे. १६०० पेक्षा कमी रेटिंगवाल्यांचा गट घ्यावा की सगळ्यांना खुला असलेला ओपन, आणि रेटिंगचे पॉइंट नेमके मिळतात कसे?

उत्तर:

ऑनलाइनचा आकडा आधी डोक्यातून काढून टाका. तो वेगळ्या लोकांमध्ये, वेगळ्या वेळमर्यादेत कमावलेला असतो. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, लेखी तुम्ही सध्या अनरेटेड आहात, म्हणजे ताकद दाखवणारा अधिकृत आकडा (रेटिंग) अजून नसलेले.

"बक्षीस हवं तर १६०० खालील, रेटिंग हवं तर ओपन" असं हॉलबाहेर चहा पिताना कोणीही सांगेल. ते निम्मंच खरं आहे, आणि उरलेलं निम्मं हिशोबात दडलंय.

पहिलं रेटिंग मिळायला रेटेड प्रतिस्पर्ध्यांशी किमान ५ डाव व्हावे लागतात. ते एकाच स्पर्धेत व्हायला हवेत असं नाही, २६ महिन्यांच्या आतले डाव एकत्र धरले जातात. अनरेटेड खेळाडूला हरवलंत तर स्पर्धेच्या तक्त्यात गुण मिळतो, पण रेटिंगच्या हिशोबात तो डाव झालाच नाही असं धरतात. समोरचा आला नाही म्हणून पुढे चाल मिळाली किंवा बाय (फेरी न खेळता मिळणारा गुण) मिळाला तरी तेच. बऱ्याच नवख्यांचा गोंधळ इथेच होतो: ९ पैकी ५ गुण केले, तरी यादीत नाव नाही, कारण रेटेडशी डाव चारच झालेले.

१ मार्च २०२४ पासून हिशोब असा आहे. तुमच्या रेटेड प्रतिस्पर्ध्यांच्या यादीत १८०० रेटिंगचे दोन काल्पनिक खेळाडू घालायचे आणि दोघांशी बरोबरी झाली असं मानायचं. मग सगळ्यांची सरासरी काढायची आणि गुणांच्या टक्केवारीप्रमाणे तीत फिडेच्या तक्त्यातला आकडा मिळवायचा किंवा वजा करायचा. उत्तर १४०० च्या खाली आलं तर रेटिंग मिळत नाही.

आता दोन्ही गट मांडून बघा. १६०० खालील गटात रेटेड मंडळी १४०० ते १५९९ मध्येच असणार, कारण तळच १४०० चा आहे. सरासरी १५०० धरू. पाच डावांत अडीच गुण केलेत तर काल्पनिक दोघांसकट सरासरी १५८६ होते, गुण ५० टक्के, म्हणून रेटिंग १५८६. एकच गुण केलात तर २८.६ टक्के, तक्त्याप्रमाणे १५८ वजा, म्हणजे १४२८. आता ओपन. तिथे समोरच्यांची सरासरी १८०० असेल आणि पाचांत एकच गुण मिळाला, तरी १८०० वजा १५८, म्हणजे १६४२! तिथला एक गुण इथल्या अडीच गुणांपेक्षा भारी पडला.

मग सगळे ओपनच का खेळत नाहीत? एक तर तो एक गुण मिळायला हवा. पहिल्याच स्पर्धेत रेटेड खेळाडूंविरुद्ध भोपळा आला तर ते डाव धरलेच जात नाहीत. चार दिवस आणि प्रवेश फी गेली. दुसरं, १६४२ झालात की १६०० खालील गटाचं दार बंद होतं, आणि तुमची खरी ताकद १५०० ची असेल तर पुढच्या दोन-तीन स्पर्धांत आकडा धडाधड खाली येतो. कारण एका डावाने रेटिंग किती हलेल ते ठरवणारा के-फॅक्टर पहिल्या ३० डावांपर्यंत ४० असतो, नंतर २०. के ४० असताना बरोबरीच्या खेळाडूला हरवलं तर २० पॉइंट मिळतात, हरलात तर २० जातात.

४०० किंवा जास्त पॉइंटांनी वरच्या खेळाडूकडून हरलात तर फक्त ३.२ जातात, बरोबरी केलीत तर १६.८ मिळतात, जिंकलात तर ३६.८. (फरक ४०० हून कितीही जास्त असो, तो ४०० च धरतात.) म्हणजे बड्यांकडून पाच वेळा हरून झालेलं नुकसान एका बरोबरीत भरून निघतं. ओपनमध्ये रेटिंग बुडतं ते पहिल्या टेबलांवर नाही, शेवटच्या टेबलांवर. स्विस पद्धतीत (दर फेरीत साधारण सारखे गुण असलेल्यांच्या जोड्या लावतात) पहिल्या फेरीत यादीचा वरचा अर्धा भाग खालच्याशी खेळतो. दोन डाव हरलात की घसरत तळाशी जाता, आणि तिथे १४५० रेटिंगचं, चौथीतलं, दर शनिवार-रविवार स्पर्धा खेळणारं पोर बसलेलं असतं. तुम्ही १६५० असाल आणि त्याच्याकडून हरलात तर ३०.४ गेले. मुंबईत अशी पोरं रांगेने आहेत, आणि त्यांचं रेटिंग त्यांच्या खेळामागून रखडत येत असतं. १६०० खालील गटातही तीच भेटतील, फक्त तिथे दोघांच्या रेटिंगमधलं अंतर कमी, म्हणून फटकाही कमी.

तुमच्या बाबतीत माझं मत १६०० खालील गटाकडे झुकतं, एका अटीवर: अर्ज भरण्याआधी चेस-रिझल्ट्स या वेबसाइटवर स्पर्धेची प्रवेशयादी उघडून रेटेड किती आणि अनरेटेड किती ते मोजा. निम्म्याहून जास्त अनरेटेड असतील तर ९ फेऱ्यांतही पाच रेटेड मिळतील याची खात्री नाही. तशा वेळी ओपन घ्या. आणि माहितीपत्रकात तीन गोष्टी वाचा: स्पर्धा क्लासिकल (लांब डाव), रॅपिड (जलद) की ब्लिट्झ (अतिजलद) (तिन्हींची रेटिंग वेगळी, एकीचे डाव दुसरीत चालत नाहीत), गटासाठी कोणत्या महिन्याची रेटिंग यादी धरणार (यादी दर महिन्याच्या १ तारखेला येते), आणि अर्ध्या गुणाचा बाय मिळतो का. नोकरदाराला तो बाय लागतोच, कारण बहुतेक वेळा आठवड्याच्या मधल्या दिवशीही सकाळी फेरी असते. ९० मिनिटं अधिक प्रत्येक चालीला ३० सेकंद अशी वेळ असेल तर ६० चालींच्या डावाला चार तास लागू शकतात. दिवसात दोन फेऱ्या म्हणजे हाफ डे टाकून भागत नाही.

अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची नोंदणी आणि फिडे आयडी आधी करून ठेवा. फोन बंद करून पंच सांगतील तिथेच ठेवायचा. वाजला तर डाव गेला.

आणि 'डिफॉल्ट टाइम', म्हणजे उशिरा येणाऱ्याला दिलेली सवलतीची वेळ, किती ते विचारून घ्या. कुठे तो अर्धा तास असतो, कुठे शून्य, म्हणजे घड्याळ सुरू झालं तेव्हा खुर्चीत नसलात तर हरलात. असा डाव रेटिंगला धरत नाहीत, पण तुमच्या पाचांतला एक कमी होतो. रविवारच्या फेरीसाठी आदल्या रात्री पेअरिंग (कोण कोणाशी खेळणार ती यादी) बघाल तेव्हा पश्चिम रेल्वेचा जम्बो ब्लॉक कुठून कुठवर आहे तेही बघून ठेवा.