नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर एक वॅटचा निळा लेझर

बॅटरी नवी असूनही लेझर मिनिटाभरात मंदावतो आणि अशीच दुसरी पॅरललमध्ये जोडू का, हा तुमचा प्रश्न. जोडू नका. व्होल्टेज पुरेसं दिसतंय, पण अडचण करंटची आहे.

४५० नॅनोमीटरच्या या लेझर डायोडला १ अँपिअरला साधारण ४.५ व्होल्ट लागतात. तुमचा ड्रायव्हर, म्हणजे डायोडला ठरावीक करंट देणारं सर्किट, एलएम३१७ या रेग्युलेटर आयसीवर आहे. त्यात करंट ठरवणाऱ्या १.२५ ओहमच्या रेझिस्टरवर १.२५ व्होल्ट जातात आणि आयसीला स्वतःसाठी आणखी दोनेक. म्हणजे इनपुटला पावणेआठ तरी हवेत. चौकोनी बॅटरीच्या पोटात सहा चिमुकले सेल सिरीजमध्ये असतात, नव्या बॅटरीचाही अंतर्गत रोध दीड-दोन ओहम. १ अँपिअर ओढला की दोन व्होल्ट आतच खर्च, हातात उरतात सात. मल्टीमीटर नुसत्या बॅटरीला लावून ९.४ दिसतात, त्यावर जाऊ नका. लोड चालू असताना मोजा.

दोन १८६५० सेल (रिचार्ज होणारे लिथियम सेल) सिरीजमध्ये घ्या, सोबत २एस बीएमएस, म्हणजे सिरीजमधल्या दोन सेलना सांभाळणारं संरक्षण सर्किट. पण ड्रायव्हर तोच ठेवलात तर सेल अर्धे भरलेले असतानाच प्रकाश उतरेल, म्हणून कॉन्स्टंट करंटचा बक ड्रायव्हर लावा, म्हणजे जादा व्होल्टेज उष्णतेत न घालवता स्विचिंगने खाली आणून करंट कायम ठेवणारा. डायोडला ४.५ वॅट लागतात, ८५ टक्के एफिशियन्सी धरली तर इनपुट ५.३ वॅट: ७.४ व्होल्टला ०.७२ अँपिअर, सेल ६ पर्यंत उतरले की ०.८८. हो, बॅटरी उतरते तसा करंट वाढतो. वायर आणि स्विच त्या हिशेबाने घ्या. २५०० एमएएचचे सेल तीन तासांवर चालतील. त्याआधी डायोडची उष्णता ओढून घेणारा हीटसिंकच हात टेकेल.

लेझर डायोड लगेच जोडू नका. आधी १एन५४०८ चे चार साधे रेक्टिफायर डायोड आणि ५ वॅटचा १ ओहम रेझिस्टर सिरीजमध्ये लावून डमी लोड, म्हणजे लेझरच्या जागी खोटा भार, करा. रेझिस्टरवर १ व्होल्ट म्हणजे १ अँपिअर, सरळ हिशेब. सेट झालं की पॉवर काढा आणि आउटपुटचा कपॅसिटर रेझिस्टरने डिस्चार्ज करा. बहुतेक लेझर डायोड इथेच मरतात: लोड नसताना कपॅसिटर वरच्या व्होल्टेजला चढून बसतो आणि डायोड टेकताच सगळं त्यात ओततो.

एक वॅट म्हणजे क्लास ४, लेझरचा सर्वांत धोकादायक वर्ग. ४५० नॅनोमीटरसाठीच रेटिंग दिलेला चष्मा लावल्याशिवाय स्विच दाबू नका, भिंतीवरचा ठिपकासुद्धा उघड्या डोळ्यांनी बघायचा नाही.