विमानावर नाव एकाचं, पगार दुसऱ्याचा: रिजनल पायलटांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या वेळी अमेरिकेतल्या मेजर (डेल्टा, युनायटेडसारख्या मोठ्या) आणि रिजनल (त्यांच्यासाठी कंत्राटावर छोटी विमानं उडवणाऱ्या) एअरलाईन्सच्या पायलटांमधे जी धुसफूस चालते त्याबद्दल मी ओझरतं लिहिलं होतं, त्यावर बरेच मेसेज आले म्हणून आज फक्त तुमचे प्रश्न घेतो. मी स्वतः आठ वर्षं रिजनलला काढली आणि आता मेजरला आहे, त्यामुळे दोन्हीकडचं मीठ खाल्लंय.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): आई-बाबांना घेऊन नेवार्कहून पिट्सबर्गला गेलो. विमानावर युनायटेड, तिकिटावर युनायटेड, पण खाली बारीक अक्षरात ऑपरेटेड बाय म्हणून भलत्याच कंपनीचं नाव. ही फसवणूक नाही का?

फसवणूक नाही म्हणता येणार, कारण ते लिहिणं सक्तीचंच आहे, पण अक्षर मुंगीएवढं असतं हे खरं. आपल्याकडे एसटीने भाड्याच्या शिवशाही घेतल्या तेव्हा गाडीवर नाव एसटीचं आणि ड्रायव्हर कंत्राटदाराचा असायचा ना, तसंच समजा. तिकीट मेजर विकते, टाइमटेबल मेजर ठरवते, आणि रिजनल कंपनीला विमान उडवून द्यायचे ठरलेले पैसे मिळतात. स्कायवेस्ट ही रिजनल तर डेल्टा, युनायटेड, अमेरिकन, अलास्का अशा चौघांसाठी उडते.

यातली मेख अशी की कंत्राट संपलं की मेजर दुसरी स्वस्त कंपनी बघते आणि पहिली बंद पडते. 2020 मधे एप्रिलमधे कंपास आणि ट्रान्स स्टेट्स गेल्या, सप्टेंबरअखेर एक्सप्रेसजेट गेली. आणि तिथला वीस वर्षं अनुभवाचा कॅप्टन दुसऱ्या कंपनीत गेला की सिनियॉरिटीच्या यादीत सगळ्यात खाली, म्हणजे ड्युटी, सुट्टी, बेस (जिथून ड्युटी सुरू होते तो विमानतळ) सगळं उरलंसुरलं. आमच्या धंद्यात सिनियॉरिटी नंबर म्हणजे सातबारा आहे, आणि तो दुसऱ्या गावाला नेता येत नाही.

प्रश्न (पुणे, विद्यार्थी): 76 सीटचं विमान मेजरचे पायलट का उडवत नाहीत? आणि हा 76 आकडा नेमका आला कुठून?

या एका प्रश्नात अख्खं भांडण आलं. मेजरच्या पायलटांचं कंपनीबरोबर जे ॲग्रीमेंट असतं त्यात एक कलम असतं, त्याला सगळे स्कोप म्हणतात. कंपनीचं नाव लावून बाहेरच्या पायलटांनी केवढी विमानं उडवायची आणि किती, ते त्यात लिहिलेलं असतं. आज डेल्टा, युनायटेड, अमेरिकन तिघांकडे वरची मर्यादा 76 सीट आणि 86 हजार पौंड, म्हणजे 39 टन. हा आकडा कुठल्याही इंजिनिअरने काढलेला नाही, तो वाटाघाटीच्या टेबलावर ठरलाय.

1993 ला कॉमेअर या रिजनलने सीआरजे हे 50 सीटचं छोटं जेट आणलं तेव्हा मेजरच्या बऱ्याच पायलटांना वाटलं की हे आपलं काम नाहीच, पंख्याच्या विमानांऐवजी जेट आलं इतकंच. मग 2001 चे हल्ले झाले, युनायटेड 2002 मधे दिवाळखोरीत गेली, डेल्टा आणि नॉर्थवेस्ट 2005 मधे एकाच दिवशी. कंपन्यांनी पायलटांकडे पगार मागितला, पेन्शन मागितलं आणि स्कोपही मागितला. घरातला माणूस जे त्या क्षणी कमी दुखेल तेच आधी सोडतो, तसा स्कोप सुटत गेला, 50 चे 70 झाले, 70 चे 76. पगार कापले गेलेच, युनायटेडचं पेन्शनही 2005 मधे बुडालं, आणि वर छोट्या विमानांचं काम गेलं ते गेलंच.

म्हणून मेजरचा पायलट स्कोपला आज प्राणपणाने चिकटून असतो आणि त्याचं मला चूक वाटत नाही, कारण प्रत्येक सूट म्हणजे एक खुर्ची कमी. त्या चिकटपणाचा जोरही बघा किती आहे: एम्ब्रेअर या ब्राझीलच्या कंपनीचं नवीन 175-ई2 विमान इंधन कमी खातं पण वजनात बसत नाही, त्यामुळे अमेरिकेतल्या रिजनलना ते उडवताच येईना आणि 2022 मधे एम्ब्रेअरने त्याचं काम थांबवलं. युनायटेडने 2019 पासून 70 सीटच्या विमानात 50च सीट बसवून ते सीआरजे-550 म्हणून चालवलं, कारण मोठ्या विमानांचा कोटा भरला होता. डेल्टाच्या पायलटांनी 2012 च्या करारात मात्र हुशारी केली, 76 सीटची विमानं 223 पर्यंत वाढू दिली पण बदल्यात 50 सीटची भरपूर कमी करायला लावली आणि 88 बोईंग 717 मेजरमधे आणून घेतली.

पण दुसरी, रिजनलवाल्यांची बाजूही ऐकाच, मीही तेव्हा त्यांच्यातलाच. वर्षानुवर्षं ज्या टेबलावर आमची विमानं, आमच्या नोकऱ्या, आमचं प्रमोशन ठरलं तिथे आमच्यातला एकही माणूस बसलेला नव्हता. हा राग बनावट नाही.

प्रश्न (ठाणे, बँक युनियनमधे काम करणारे वाचक): दोन्हीकडे युनियन एकच असताना असं कसं चालतं?

दादा, हेच तर दुखणं. एअर लाईन पायलट्स असोसिएशन, म्हणजे अल्पा, 1931 ची युनियन, डेल्टा-युनायटेडचे पायलट तिच्यात आणि बऱ्याच रिजनलचेही तिच्यातच. अमेरिकन एअरलाईन्सच्या पायलटांची मात्र वेगळी आहे आणि स्कायवेस्टच्या पायलटांना तर बाहेरची युनियनच नाही. आता एकाच युनियनने एका सभासदाचं काम वाचवायचं म्हणजे दुसऱ्याचं विमान लहान ठेवायचं, तर ती न्याय कोणाला देणार? कॉमेअर आणि एएसए या डेल्टाच्या रिजनलच्या काही पायलटांनी याच मुद्द्यावर आपल्याच युनियनला कोर्टात खेचलं होतं.

त्याच कॉमेअरचे पायलट मार्च 2001 मधे सिनसिनाटीला संपावर गेले आणि तब्बल 89 दिवस बाहेर राहिले, अख्खी कंपनी जमिनीवर. पगार वाढला, पण डेल्टाने धडा असा घेतला की सगळी अंडी एका टोपलीत ठेवायची नाहीत, काम अनेक रिजनलमधे वाटून टाकायचं, आणि सप्टेंबर 2012 मधे कॉमेअर बंदच केली. मला आजही वाटतं की त्याच वेळी मेजर आणि रिजनलच्या सिनियॉरिटीच्या याद्या एक करून घ्यायचा हट्ट युनियनने धरायला हवा होता, तो धरला नाही म्हणून पुढची वीस वर्षं कंपन्या एका रिजनलला दुसरीविरुद्ध आणि रिजनलला मेजरविरुद्ध वापरत राहिल्या.

संप सारखा का होत नाही असंही तुम्ही विचारलंय. कारण 1926 चा रेल्वे लेबर ॲक्ट, जो 1936 पासून विमानांनाही लागू आहे. आधी सरकारी मध्यस्थी, त्यांनी सोडलं तर 30 दिवस थांबायचं, आणि तरीही राष्ट्राध्यक्ष अडवू शकतात. फेब्रुवारी 1997 ला अमेरिकनचे पायलट संपावर गेले, मुद्दा हाच होता की नवीन रिजनल जेट कोण उडवणार, आणि क्लिंटननी काही मिनिटांत संप थांबवला.

प्रश्न (नाशिक): मुलगा ॲरिझोनात फ्लाईट स्कूलला आहे. रिजनलमधे उपाशी मारतात असं ऐकलंय. खरं का?

काका, होतं, आता नाही. फेब्रुवारी 2009 मधे बफेलोजवळ कोलगन या रिजनल कंपनीचं विमान पडलं, 50 माणसं गेली, आणि चौकशीत लोकांना कळलं की 24 वर्षांच्या फर्स्ट ऑफिसरला, म्हणजे को-पायलटला, वर्षाला साधारण 16 हजार डॉलर मिळत होते, ती सिॲटलला आई-वडिलांकडे राहायची आणि रात्रभर प्रवास करून नेवार्कला ड्युटीला आली होती. विमानावर नाव काँटिनेंटलचं. त्यानंतर 2013 पासून फर्स्ट ऑफिसरलाही 1500 तासांची अट आली, ठरावीक कॉलेजची डिग्री असेल तर 1000. कोलगनच्या दोघांचेही 1500 पेक्षा जास्त तास होते हे मात्र विसरू नका, थकवा आणि ट्रेनिंग हा प्रश्न वेगळाच आहे.

मी लागलो तेव्हाचं सांगतो. क्रॅशपॅड म्हणजे विमानतळाजवळचा दोन बेडरूमचा फ्लॅट, त्यात बंक बेड, चौदा जण, फ्रिजमधे प्रत्येकाच्या डब्यावर नाव आणि पहाटे तीनपासून कोणाचा ना कोणाचा अलार्म. पगार दार बंद होऊन पार्किंग ब्रेक सुटला की सुरू, त्यामुळे धुक्यात दोन तास गेटवर बसलो तर ते दोन तास फुकट. मेजरलाही मीटर तसाच चालतो, फक्त त्यांच्या करारात ड्युटीच्या तासांवर किमान पैशाची हमी चांगली असते.

कोविडनंतर मेजरनी धडाधड भरती केली, रिजनलचे कॅप्टन निघून गेले, 2022 मधे अमेरिकनने टोलिडो, इथाका अशा गावांची विमानंच बंद केली. त्याच जूनमधे तिच्या मालकीच्या रिजनलनी फर्स्ट ऑफिसरचा सुरुवातीचा दर बोनस धरून तासाला 90 डॉलर केला. भूतदया वगैरे काही नाही, माणूसच मिळत नव्हता. मुलाला दोन गोष्टी सांगा: ग्रीनकार्ड किंवा सिटिझनशिप नसेल तर नोकरीचा मार्ग फार अरुंद आहे, हे फी भरायच्या आधी बघा. आणि जिथून मेजरला थेट जायचा लेखी करार आहे, ज्याला फ्लो म्हणतात, तिथे किती वर्षं लागतात ते तिथल्याच पायलटला विचारा, जाहिरातीला नाही.

प्रश्न (कोल्हापूर): आपल्याकडे हे येईल का?

तुमच्या घोडावतांच्या स्टार एअरकडे जे एम्ब्रेअर 175 आहे ना, तेच हे विमान. पण ती स्वतःच्या नावाने उडते, कोणाची कंत्राटी नाही. इंडिगोची एटीआरही इंडिगोचीच. याद्यांचं भांडण मात्र आपण पाहिलंय. 2007 ला एअर इंडिया आणि इंडियन एअरलाईन्स एक झाल्या, आणि 2012 मधे ड्रीमलायनरचं ट्रेनिंग कोणाला यावरून जुन्या एअर इंडियाचे पायलट 58 दिवस संपावर होते. कंपन्या कागदावर एक झाल्या, याद्या नाही झाल्या.

प्रश्न (डॅलस): मेजर आणि रिजनलचे पायलट समोरासमोर आले की कसे वागतात?

बहुतेक वेळा छान. ड्युटीवर नसलेला पायलट कॉकपिटमधल्या जंपसीटवर, म्हणजे घडीच्या जादा सीटवर, बसून घरी जाऊ शकतो, पण कॅप्टनला स्वतः जाऊन विचारावं लागतं, तो रिवाज आहे. रिजनलला असताना डिसेंबरात एकदा मी असाच टोपी हातात घेऊन एका मेजरच्या कॉकपिटच्या दारात उभा होतो. कॅप्टनने माझं कार्ड बघितलं, कंपनीचं नाव वाचलं आणि थोडा वेळ गप्प बसला. मला वाटलं आता नाही म्हणणार. मग म्हणाला, 2002 मधे मला मेजरमधून घरी बसवलं तेव्हा मी रिजनलच्या सीटवर दोन वर्षं काढली, आणि तिथल्या पोरांचा माझ्यावर राग होता की हा वरून येऊन आमची खुर्ची घेतोय, त्यांचं बरोबरच होतं. मग त्याने पुढे वाकून माझ्यासाठी जंपसीट उघडली आणि हेडसेट दिला.