नवऱ्याचा न धुतलेला टी-शर्ट

"मॅडम, हे विकृत तर नाही ना?" वाशीच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. कुणी नवऱ्याचा शर्ट उशाशी घेते, कुणी गेलेल्या आईची साडी कपाटातून काढून हुंगते. नवी मुंबईत जहाजावर नोकरी करणारे पुष्कळ, त्यांच्या घरून तर हा प्रश्न ठरलेलाच.

नेरूळची ती त्यांतलीच (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). नवरा जहाजावर असताना त्याचा न धुतलेला टी-शर्ट ती रात्री उशाशी घ्यायची. सासूबाईंनी तो नकळत मशीनमध्ये टाकला आणि ही दिवसभर रडली.

"एवढ्याशा गोष्टीवरून रडते म्हणजे मी कच्च्या मनाचीच."

पहिल्या भेटी ही लाज उतरवण्यात गेल्या. तिला मी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचा २०१८ सालचा प्रयोग सांगितला. ९६ बायकांना टी-शर्ट हुंगायला दिले: काहींना जोडीदाराचा, काहींना परक्या पुरुषाचा, काहींना कोणीच न घातलेला. मग नोकरीची लुटुपुटूची मुलाखत आणि तोंडी गणितं. जोडीदाराचा वास घेतलेल्यांना ताण कमी जाणवला. तो वास त्याचाच, हे ज्यांनी ओळखलं त्यांच्यात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही कमी भरलं. परक्याच्या वासाने ते वाढलं.

"म्हणजे माझं नाटक नाही!"

नाहीच. वासाची वाट मेंदूत भावना आणि आठवणींच्या भागांना थेट भिडते. बाळाला आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी घालणाऱ्या आज्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. (ऑनलाइन मिळणाऱ्या 'फेरोमोन' अत्तरांवर मात्र पैसे घालवू नका. माणसात असं रसायन अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही.)

मी आधी नातं बघणारी, संप्रेरकं नंतर. त्या प्रयोगात मला मोलाची वाटते ती ओळख. म्हणून विचारलं,

"हे त्यांना माहीत आहे?"

"छे! हसेल तो."

"आणि ते नसताना तुमचं काय होतं, ते?"

"फोनवर सगळं ठीक आहे म्हणते. तिथे समुद्रात त्याला कशाला काळजी?"

इतकी वर्षं माणसं ऐकल्यावर 'सगळं ठीक आहे'पाशी माझा कान आपोआप थांबतो. रात्री जे टी-शर्टाजवळ मोकळं होत होतं, ते त्या माणसापर्यंत कधी गेलंच नव्हतं. मी तसं म्हणाले. ती खूप रडली, पण या वेळी रडताना माफी मागितली नाही.

पुढच्या भेटीला हसतच आली. व्हिडिओ कॉलवर सांगून टाकलं होतं. तो खरंच हसला, मग म्हणाला, "आधी सांगायचंस ना, निघताना दोन-चार न धुतलेले ठेवून गेलो असतो." त्यानंतर ती त्याला कंटाळा, भीती, सासूबाईंशी झालेली कुरबूर, सगळं सांगू लागली. झोप हळूहळू सुधारली.

तेव्हा कपडा जवळ घ्यायला लाजू नका, गेलेल्या माणसाचा असेल तर धुवायची घाई करू नका. वास टिकवायचा तर झिपच्या पिशवीत बंद ठेवा. संशोधक असे कपडे गोठवतात, पण घरच्या फ्रीझरमध्ये ठेवणार असाल तर सासूबाईंना आधी कल्पना द्या. जेवण, काम, माणसं सुटायला लागली असतील तर मात्र एकट्याने निभावू नका, भेटायला या. आणि वास येणंच अचानक बंद झालं, तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.