बटाट्याच्या बंदुकीला गोळ्या घरी कशा करायच्या?

तुम्ही विचारलंय, हौसेनं केलेल्या बटाट्याच्या बंदुकीत बटाट्याऐवजी टणक, लांब जाणाऱ्या गोळ्या घरी कशा तयार करायच्या. मी कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर काम करतो आणि लहानपणापासून या खेळण्याच्या नादात आहे. माझं मत, टणकपणाच्या मागं लागू नका. गोळी लांब जाते ती फिटिंगमुळं.

माझी बंदूक हातानं रेटायची. वीतभर लांबीची, आतून साधारण १ सेंमी रुंद अ‍ॅल्युमिनियमची नळी आणि लाकडी दट्ट्या. नळीच्या दोन्ही टोकांना बटाट्याचं एकेक बूच बसवायचं आणि मागचं बूच दट्ट्यानं पुढं रेटायचं. मधली हवा निम्म्या जागेत कोंबली की दाब दुप्पट होतो (रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञानं १६६२ साली मांडलेला नियम हाच), आणि पुढचं बूच ‘फट्ट’ करून उडतं. दट्ट्या नळीपेक्षा बोटाच्या जाडीइतका आखूड ठेवा, म्हणजे मागचं बूच तोंडाशी येऊन थांबतं आणि पुढच्या वेळी तीच गोळी होते. ही युक्ती मला फार उशिरा कळली, तोवर दर वेळी दोन बुचं वाया घालवत होतो.

बूच सुरीनं कोरत बसू नका. कच्च्या बटाट्याची १ सेंमी जाडीची चकती कापा, पाटावर ठेवा आणि नळीचं तोंडच तिच्यात दाबा. नळीनंच कापलेलं बूच नळीत जितकं घट्ट बसतं, तितकं लेथवरसुद्धा जमवायला घाम फुटतो. बटाट्यात जवळजवळ ८० टक्के पाणी, त्यामुळं कडेनं ओल सुटते आणि हवा अडते. वजन जेमतेम ग्रॅमभर. नळीच्या तोंडाची धार बाहेरून कानशीनं घासून घ्या, नाहीतर बूच फाटतं. बटाटा कडक, ताजा हवा. सुरकुतलेला असेल तर चकत्या तासभर पाण्यात टाका. उकडलेला भाजीलाच बरा.

वर्तमानपत्राचा भिजवलेला लगदाही चालतो, पण ओला असेपर्यंतच. मी एकदा गच्चीवर डबाभर गोळ्या वाळवून ठेवल्या होत्या. सगळ्या आक्रसल्या, एकीनंही हवा धरली नाही. गाजर नळीत बसतं, पण अंगावर बसलं तर दुखतं. खडे, छर्रे, काचेच्या गोट्या यांबद्दल मी काही सांगणार नाही, कारण मग ते खेळणं राहत नाही. बटाट्याचं बूचसुद्धा डोळ्याला इजा करू शकतं. भिंतीवर पत्र्याचा डबा टांगा आणि त्यावरच नेम धरा.

पंपानं हवा भरलेल्या पीव्हीसी पाइपचा विचार असेल तर सोडून द्या. तो पाइप पाण्याचा. हवेच्या दाबानं फुटला की तुकडे उडतात, आणि उन्हात राहिलेला असेल तर आणखी ठिसूळ. कार्बाइडची नळी (कार्बाइडवर पाणी पडून निघणाऱ्या वायूचा बार काढणारी) तर नकोच नको. २०२५ च्या दिवाळीत भोपाळकडं कितीतरी पोरांच्या डोळ्यांना त्यानं इजा झाली. बार झाला नाही म्हणून काहीजण नळीत डोकावले होते.

खेळून झालं की नळी लगेच धुवा. पिठूळ रस आत वाळला की दुसऱ्या दिवशी दट्ट्या अडकतो आणि मग माझ्यासारखं गरम पाणी घेऊन बसावं लागतं.