सासूबाईंचं आजारपण हाच माझा क्रूस आहे का? राग येतो म्हणजे मी ख्रिस्ती म्हणून कमी पडतेय का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहिते, म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. तुम्ही पुण्यातच राहता, सासूबाई तीन वर्षं अंथरुणाला खिळून आहेत, त्यांच्यासाठी तुम्ही नोकरी सोडलीत. दोन दीर आहेत, दोघंही पुण्यातच, पण महिन्यातून एकदा सफरचंदं घेऊन येतात आणि अर्ध्या तासात जातात. थोरले दीर चर्चच्या मंडळीच्या कमिटीवर आहेत, तिकडे मात्र सगळ्यात पुढे असतात. तुम्ही तोंड उघडलं की सगळे एकच ऐकवतात, "ख्रिस्ताने आपल्यासाठी जीव दिला, तुला एवढं होत नाही का, हाच तुझा क्रूस आहे." आणि हल्ली तुम्हाला सासूबाईंचा राग यायला लागलाय, मग रात्री त्या रागाचीच लाज वाटते.

मी काही थिऑलॉजी शिकलेली नाही. मिरजेला ट्रेनिंग झालं, चौतीस वर्षं नर्सिंग केलं, त्यातली बरीचशी मेडिकल वॉर्डात, आता रिटायर आहे. पंच हौदच्या देवळात लहानपणापासून जाते. तेव्हा जे बायबलमधे वाचलं आणि जे वॉर्डात नि घरात पाहिलं तेवढंच सांगू शकते.

पहिली गोष्ट, स्वतःला देणं हे आपल्या विश्वासातून काढून टाकता येत नाही, आणि कोणी तसं सांगत असेल तर ऐकू नका. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, हे येशूचं वाक्य योहानाच्या बाराव्या अध्यायात आहे आणि ते मी मनापासून खरं मानते. आपल्या मराठी ख्रिस्ती बायकांच्या कितीतरी पिढ्या नर्स आणि मास्तरीण म्हणून चंदनासारख्या झिजल्या आणि त्यातल्या पुष्कळ जणी आनंदाने झिजल्या, मी त्यांच्या हाताखाली शिकलेय. म्हणजे तुम्ही करताय ते वाया जातंय असं मी अजिबात म्हणणार नाही.

पण क्रूस तुमच्या खांद्यावर कोण ठेवतंय हे बघा. येशू काय म्हणाला, कोणाला माझ्यामागे यायचं असेल तर त्याने स्वतःचा वधस्तंभ, म्हणजे क्रूस, उचलावा. ज्याचा त्याने. दुसऱ्याच्या खांद्यावर नेऊन ठेवा असं तो कुठेच म्हणाला नाही. शुभवर्तमानात दुसऱ्याच्या खांद्यावर क्रूस देणारी माणसं आहेत, नाही असं नाही, येशूला क्रुसावर द्यायला नेत होते तेव्हा कुरेनेकर शिमोन नावाचा माणूस शेतावरून येत होता बिचारा, त्याला धरून येशूचा क्रूस त्याच्या खांद्यावर दिला, आपल्या मराठी बायबलमधे तिथे शब्दच 'वेठीस धरले' असा आहे. आणि ते काम कोणी केलं, तर रोमी शिपायांनी. शिष्यांनी नाही, येशूने तर नाहीच. मला ही गोष्ट खूप उशिरा लक्षात आली, साठी उलटल्यावर, आणि तेव्हापासून कोणी कोणाला "हा तुझा क्रूस" असं म्हणालं की मला ते शिपाईच दिसतात.

आणि त्याच प्रसंगाची दुसरी बाजूही बघा ना, प्रत्यक्ष येशूलासुद्धा ते लाकूड शेवटपर्यंत एकट्याला वाहायला लागलं नाही, दुसरा माणूस लागला.

फादर मॅक्सिमिलियन कोल्बे यांची गोष्ट तुम्ही संडे स्कूलमधे ऐकली असेल. १९४१ साली ऑशविट्झच्या छळछावणीतून एक कैदी पळाला, त्याची शिक्षा म्हणून दहा जणांना उपाशी मारायचं ठरलं. निवडलेल्यांत गायोव्निचेक नावाचा एक पोलिश सैनिक होता, तो बायकोमुलांच्या नावाने रडायला लागला. तेव्हा कोल्बे रांगेतून बाहेर आले आणि म्हणाले मी कॅथलिक धर्मगुरू आहे, मला त्याच्या जागी जायचंय. दोन आठवडे अन्नपाण्यावाचून काढले तरी ते जिवंत होते, मग १४ ऑगस्टला त्यांना कार्बोलिक ॲसिडचं इंजेक्शन देऊन मारलं. गायोव्निचेक वाचला, १९८२ मधे कोल्बेंना संत म्हणून जाहीर केलं त्या समारंभाला तो हजर होता, १९९५ पर्यंत जगला. आता विचार करा, त्या रांगेतल्या दुसऱ्या कोणी कोल्बेंना पुढे ढकललं असतं, तुम्हाला कुठे बायकामुलं आहेत, तुम्ही जा, असं म्हणून, तर मरण तेच झालं असतं, पण त्याला बलिदान म्हटलं असतं का कोणी? येशू स्वतःच्या जिवाबद्दल म्हणतो की तो माझ्यापासून कोणी घेत नाही, मी आपण होऊन देतो. सगळा फरक त्या 'आपण होऊन' मधे आहे.

थोरल्या दीरांबद्दल बोलायचं तर मार्क सातवा अध्याय काढा. तिथे येशू शास्त्री-परुश्यांना, म्हणजे त्या काळच्या धर्मपंडितांना, चांगलं फैलावर घेतो, कारण मुलगा आईबापांना सांगायचा की तुम्हाला माझ्याकडून जे मिळायला पाहिजे होतं ते मी 'कुर्बान' केलंय, म्हणजे देवाला वाहिलंय, आणि मग घरच्या जबाबदारीतून मोकळा, आणि हे पंडित ते चालवून घ्यायचे. कुर्बान, आपण त्यागाला कुर्बानी म्हणतो त्याच घराण्यातला शब्द, आणि येशूच्या तोंडी तो येतो तोसुद्धा अशांना झापताना. देवळातली सेवा घरातल्या आईच्या बदल्यात चालत नाही, हे मी म्हणत नाहीये, त्यानेच म्हणून ठेवलंय. तुम्ही दीरांना हे तोंडावर ऐकवा असं नाही म्हणत, पण तुम्ही स्वतः हे पक्कं धरून ठेवा.

आता रागाचं. ताई, पकडला जायच्या आदल्या घटकेला गेथशेमाने बागेत येशू काय करतो? तीन मित्रांना सांगतो माझ्याबरोबर जागे राहा. परत येऊन बघतो तर झोपलेले. आणि तो गप्प बसत नाही, विचारतो, तुम्हाला माझ्याबरोबर घटकाभरही जागता आलं नाही का. मी इतक्या नाइट ड्युट्या केल्यात की हे वाक्य मला फार जवळचं वाटतं, पहाटे तीन-साडेतीनला वॉर्डात एकटीच असताना जोडीदारीण डुलकी काढत असेल तर काय होतं ते मला माहितीये. तुमचा राग सासूबाईंवर नाहीचे, तो झोपलेल्या माणसांवर आहे, पण ती समोर नसतात आणि सासूबाई चोवीस तास समोर असतात म्हणून त्यांच्यावर निघतो. वॉर्डात नवीन मुली पेशंटवर खेकसायला लागल्या की आमच्या सिस्टर त्यांना प्रेमावर लेक्चर द्यायच्या नाहीत, आधी विचारायच्या जेवलीस का, किती ड्युट्या सलग झाल्या.

केडगावच्या पंडिता रमाबाई आपल्या इतक्या जवळच्या, पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलं की केडगाव. त्यांचे स्वतःचे आई, वडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत भुकेने खंगून गेले होते, त्यामुळे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या मुलींचे हाल कळल्यावर त्यांना बसवलं नाही, स्वतः गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. त्याच सुमाराला पुण्यात प्लेग होता, तर प्लेगच्या सरकारी हॉस्पिटलातल्या व्यवस्थेवर त्यांनी पेपरात उघड पत्र लिहून राग काढला, म्हणजे इतकी त्यागी बाई पण रागावायची आणि बोलायची. आणि एकटीने नाही केलं त्यांनी. मुक्तीत, म्हणजे त्यांच्या केडगावच्या आश्रमात, आलेल्या मुलीच पुढे शिकवायला लागल्या, विणायला लागल्या, छापखाना चालवायला लागल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणलं, त्याचे छपाईचे खिळे जुळवायला त्याच मुली होत्या. १९२२ मधे रमाबाई गेल्या, पूर्ण बायबल १९२४ ला निघालं. ज्या मुली उपाशी उचलून आणल्या त्यांनी हे केलं, रमाबाईंनी त्यांना नुसतं बसवून सेवा केली असती तर हे झालंच नसतं.

आता माझं सांगते, कारण तुमच्यापेक्षा उलट्या बाजूने मी चुकलेय.

माझ्या बाबांना लकवा मारला, उजवी बाजू पूर्ण गेली, बोलणं जड झालं. मी ड्युटी करून घरी येऊन सगळं करायची, आंघोळ, डायपर, भरवणं, सगळं. भाऊ पिंपरीला कंपनीत होता, तो म्हणायचा मी येतो रात्री, तू झोप. मी त्याला करू द्यायची नाही. त्याने उशी ठेवली की मी काढून परत ठेवायची, त्याने पाणी पाजलं की म्हणायची असं पाजतात का, ठसका लागेल. मंडळीत सगळे म्हणायचे सिस्टर म्हणजे देवमाणूस, एकटी करते सगळं, आणि मला ते ऐकायला आवडायचं, खरंच आवडायचं. दोन वर्षं असं चाललं.

एका रविवारी मला अचानक ड्युटीवर बोलावलं, नाइलाज म्हणून भावाला बसवलं. संध्याकाळी आले, दार लोटलेलं होतं. भाऊ बाबांची दाढी करत होता. मी करायची ते वॉर्डात करतो तसं, डिस्पोजेबल रेझर, दोन मिनिटांत उरकायची, बाबा तोंड घट्ट मिटून घ्यायचे. त्याने कुठून तरी बाबांचा जुना ब्रश शोधून काढला होता, वाटीत गरम पाणी, फेस अगदी कानापर्यंत. आणि बाबा हनुवटी आपणहून वर करत होते, डावा गाल, चांगला होता तो, जीभ आतून लावून फुगवून देत होते, जसं पुरुष आरशासमोर करतात तसं. मग मिशीकडे बोट दाखवून काहीतरी बोबडं बोलले, मला एक अक्षर कळलं नाही, भावाला कळलं, तो म्हणाला हो बाबा, बारीकच करतो.

मी पर्स खांद्याला तशीच दारात उभी. आनंद व्हायला पाहिजे होता ना, तर पोटात कालवलं, हेवा वाटला मला. आणि मग समजलं की मी दोन वर्षं एका बापाला त्याच्या मुलापासून लांब ठेवलं आणि त्याला सेवा म्हणत राहिले. करिंथकरांस पहिल्या पत्रात तेराव्या अध्यायात आहे ना, मी माझं शरीर जाळायला दिलं पण प्रीती नसली तर मला काही लाभ नाही, तो अध्याय लग्नात वाचतात म्हणून आपल्याला गोड वाटतो, मला तो त्या दारात समजला. त्यानंतर बाबा सात महिने होते, बुधवारची रात्र आणि रविवार भावाचा, आणि दाढी कायम त्याचीच.

म्हणून विचारते, आणि वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या एवढ्या मोठ्या प्रश्नात मिस्टरांबद्दल एकच ओळ आहे, "ते दमून येतात". आई त्यांची आहे. माझ्यासारखं तुमच्याकडूनही थोडं "राहू दे, मीच करते" होतंय का ते तपासा. नसेल होत, तर मग स्पष्ट मागा. गुड फ्रायडेला बारा ते तीन उपासनेत येशूचे क्रुसावरचे सात उद्गार ऐकतो आपण, त्यातला तिसरा कुठला? खिळलेला असताना, श्वास घेणं मुश्कील असताना, येशू आईकडे बघतो आणि योहानाला सांगतो ही तुझी आई. समोरासमोर, एका माणसाला जबाबदारी देतो, आणि त्या घटकेपासून योहान तिला घरी घेऊन गेला असं लिहिलंय. बलिदान चालू असतानाच त्याने आईची सोय लावली. तुम्ही तेवढंच करायचंय.

तर या रविवारी तिघा भावांना एकत्र बसवा, जमल्यास पाळकसाहेबांना नाही, एखाद्या वडीलधाऱ्या समजूतदार बाईला बरोबर घ्या. "मदत करा" असं मोघम म्हणू नका, मोघम बोललं की सगळे हो म्हणतात आणि कोणी येत नाही. कागदावर वार लिहा. कोण कुठल्या रात्री, औषधं कोण आणणार, डॉक्टरकडे कोण नेणार. ज्याला यायला जमत नाही त्याने ब्यूरोची मावशी ठेवायचे पैसे द्यायचे, निदान दिवसाचे बारा तास तरी. आणि तुमचे आठवड्यातले काही तास तुमचे, त्यात झोपा, मैत्रिणीकडे जा, नोकरीचे अर्ज भरा, काहीही करा, त्याचा हिशोब कोणाला द्यायचा नाही. शिष्यांना जेवायलासुद्धा सवड मिळत नव्हती तेव्हा येशूनेच त्यांना म्हटलंय चला एकांतात, थोडा विसावा घ्या, मार्क सहावा अध्याय.

दीर पहिल्या दिवशी चुकीचं करतील, उशी वाकडी ठेवतील. ठेवू द्या.

फक्त एवढं त्यांना नीट दाखवून ठेवा, हे मी नर्स म्हणून सांगते. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा, घड्याळाला अलार्म लावून. उचलताना ओढायचं नाही, कातडी घासली जाते, खाली आडवी चादर घालून दोघांनी दोन बाजूंनी धरून सरकवायचं, म्हणूनच एकट्या बाईचं हे काम नाही. माकडहाडावर लाल डाग दिसला तर बोटाने दाबून बघा, दाबल्यावर पांढरा होत नसेल तर चोळू नका, त्या जागेवरचा भार लगेच काढा आणि डॉक्टरांना दाखवा. आणि टाचा कोणी बघत नाही, तिथेही लवकर जखम होते. उशी टाचेखाली नाही, पोटरीखाली घालायची, टाच हवेत राहिली पाहिजे, खालून हात फिरवून बघा, हात मोकळा गेला पाहिजे.