ब्रेक पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली जातं, ब्रेक ऑइल कुठे गळताना दिसत नाही, काय बिघडलं असेल?

बहुतेक करून मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) आतलं रबर सील गेलंय. इंजिन चालू ठेवून पेडल एकसारख्या जोराने अर्धा मिनिट दाबून धरा, ते बसत गेलं आणि तरी ऑइलची लेव्हल कमी होत नसेल तर प्रेशर आतल्या आतच मागे निसटतंय, गॅरेजमध्ये आम्ही पहिली हीच टेस्ट घेतो. सिलिंडर बूस्टरला (पायाचा जोर वाढवणारा गोल डबा) जिथे बसतो तो जॉइंट आणि चाकांची आतली बाजू ओली नाही ना तेही बघा. पण दोन-तीनदा पंप केल्यावर पेडल कडक होत असेल तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मागचे ड्रम शू (चाकाच्या ड्रमला आतून घासून ब्रेक लावणारे पट्टे) लूज आहेत, उगाच सिलिंडर बदलू नका. बदललाच तर ब्लीडिंग (लाइनमधली हवा बाहेर काढणं) नीट करून घ्या, आणि तोवर गाडी बाहेर काढू नका प्लीज.